पुसतारीख

टीचरांनी आमच्या ऑफिसात पाऊल ठेवलं आणि पहिल्या दहा मिनिटांत आमचं तीन आठवड्यांचं काम पुसून टाकलं.

ऑफिस म्हणजे कट्टा गावच्या बाजारात औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही तिघं पुण्यातल्या संगणकाच्या नोकऱ्या सोडून परत आलेले, आणि परत आलो म्हणजे गावावर उपकारच केले अशा थाटात वावरणारे. भिंतीवर एक पांढरा फळा होता आणि त्यावर आमच्या नव्या यंत्रणेचा सगळा आराखडा होता: चौकोन, बाण, बाणांवर बारीक अक्षरांत सूचना. मी खालून चहा घेऊन आले तर फळा लख्ख. त्याच्यापुढे सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या, साडीला खांद्यावर पिन लावलेल्या एक बाई हातातल्या ओल्या फडक्याची घडी घालत उभ्या.

“ता तुमचा झाला असतला म्हणान पुसलंय,” त्या म्हणाल्या.

“झालं असं कोणी सांगितलं तुम्हाला?” मी विचारलं. तेव्हा मी रागावले की पुणेरी बोलत असे.

“खाली नाव नाय, तारीख नाय. ‘पुसू नये’ असा पण लिवक नाय. मगे ता कोणाचा समजाचा?”

मी चहाचा पेला इतक्या जोरात ठेवला की अर्धा चहा सांडला. त्यांनी त्याच फडक्याने टेबल पुसलं. आराखडा आम्हाला पुन्हा काढावा लागला आणि, आता सांगायला हरकत नाही, दुसऱ्या खेपेला त्यात चौकोन निम्मेच लागले. पण त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं की एक म्हातारी आमच्या डोक्यावर येऊन बसणार आहे.

मालवणच्या बाजूच्या एका शाळेत तीसेक वर्षं मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण पंचक्रोशीत ते कोणी वापरत नव्हतं. चर्चमधले फादरसुद्धा त्यांना टीचरच म्हणत. आम्हाला मजकुरावर नजर ठेवायला गावाची माहिती असलेलं आणि शुद्ध लिहिणारं माणूस हवं होतं, आणि ज्याला विचारावं तो त्यांचंच नाव घेत होता. नाव घेताना प्रत्येकजण किंचित हसत होता, ते का, हे आम्हाला फळा पुसला गेल्यावर कळलं.

आमच्या कामाचं नाव आम्ही ‘दवंडी’ ठेवलं होतं. एसटीची वेळ बदलली, नळाला पाणी येणार नाही, शाळेची गाडी उशिरा निघणार, कोणाचं वासरू सुटून गेलं, अशा गोष्टी फोनवर पोचवायच्या. युक्ती अशी की लिहिणारा एकदाच लिहितो. तो कोणाला पाठवतो हे त्याला माहीतही नसतं. तो फक्त त्या त्या विषयाच्या खणात मजकूर टाकतो, आणि ज्यांनी तो विषय ऐकायला घेतला आहे त्यांच्या फोनवर तो आपोआप जातो. आज दहा जण ऐकत असतील, उद्या दोनशे. या पद्धतीला आमच्या धंद्यात लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी टीचरांना ते नाव, त्याचे फायदे, त्यामागचा विचार असं अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हंजे फळो.”

तेव्हापासून आमच्याकडे फळेच झाले. पाण्याचा फळा, एसटीचा फळा, हरवले-सापडलेचा फळा.

फळ्याच्या बाबतीत टीचरांचा एक हट्ट होता, आणि तो हट्ट त्यांनी नोकरीत असताना एक दिवसही सोडला नव्हता असं त्यांचे विद्यार्थी सांगत. तास संपला की फळा स्वतः पुसल्याशिवाय वर्गातून पाय बाहेर टाकायचा नाही. दुसऱ्या कोणाकडून पुसून घ्यायचा नाही. “लिवणाऱ्यानच पुसूचा. दुसऱ्याक काय ठावक, ता झाला की रवला?” आमचा फळा त्यांनी पुसला होता ना, म्हणून मी एकदा टोमणा मारला. त्या म्हणाल्या, “ता बेवारशी होता.”

पर्समध्ये ते ओलं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत कायम असे. कट्ट्याच्या एसटी थांब्यावर गाडीची वाट बघताना त्या भिंतीवरचे कागद वाचत. होऊन गेलेल्या दहीकाल्याचं पत्रक, मे महिन्यात संपलेला शिवणक्लास, गेल्या वर्षीची रक्तदानाची सूचना. तारीख उलटलेली दिसली की फडक्याने कागद भिजवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि नखाने अलगद सोलून काढायचा. श्रद्धांजलीच्या फलकांना मात्र सवलत होती. ख्रिस्ती माणसाचा चर्चमध्ये महिन्याची मिस होईपर्यंत आणि हिंदूचा मासिक श्राद्ध होईपर्यंत राहू द्यायचा, असा त्यांनी स्वतःच ठराव केला होता. एकदा चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर तीन आठवडे लटकत होता. तो काही सोलण्यासारखा नव्हता. टीचरांनी पुढाऱ्याला थेट फोन लावला. “तुमचो वाढदिस झालो मां? मगे अजून कित्याक वाढतास?” दोन दिवसांत बॅनर उतरला, कारण पुढारीही त्यांच्याच हाताखालून गेलेला होता.

दवंडीत त्यांनी पहिली मागणी केली ती पुसतारखेची. मजकूर लिहिण्याच्या चौकटीखाली आणखी एक चौकट हवी: हा मजकूर कधी पुसायचा. ती भरल्याशिवाय मजकूर पुढे जाता कामा नये.

“असू दे की राहिलं तर,” मी म्हटलं. “ठेवायला काय लागतं? जागा भरपूर आहे.”

“तुझ्या मशिनीक काय लागना नाय. वाचणाऱ्याक लागता.”

मला ते पटलं नाही. पण महिन्याभरात पाण्याचं प्रकरण झालं. एका गावच्या नळपाणीवाल्याने फळ्यावर लिहिलं, “फाल्या पाणी येवचा नाय.” फाल्या म्हणजे उद्या. पुसतारीख त्याने अंदाजे पुढच्या आठवड्याची टाकली. आता हा मजकूर आज वाचला तरी उद्या पाणी नाही, आणि उद्या वाचला तरी उद्याच पाणी नाही. त्या वाडीतल्या बायका पाच दिवस रोज हंडे-कळशा भरत होत्या आणि रोज नळाला धो धो पाणी येत होतं. सातव्या दिवशी खरंच पाणी आलं नाही तेव्हा कोणाच्याही घरी थेंब नव्हता, कारण तोवर सगळ्यांनी त्या नळपाणीवाल्याला शिव्या देऊन भरायचं सोडलं होतं.

टीचरांनी आज, काल, उद्या, परवा, फाल्या हे सगळे शब्द बाद केले. वार आणि तारीख लिहायची, नाहीतर लिहायचंच नाही. मी यंत्रात तशी सोय केली: शब्द दिसला की मजकूर परत. मला त्या कामाचा अभिमानही वाटला. तिसऱ्याच दिवशी स्टँडवरच्या कंट्रोलरचा फोन आला. “ओ बाई, तुमची मशीन आजगावाक गाव मानना नाय काय? सकाळपासून चार वेळा लिवतंय, आजगावची गाडी रद्द, परत येता!” ‘आज’ दिसला की यंत्र अडवत होतं. आजगाव अडलं, आजोबा अडले, आजारी माणसं अडली. टीचर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढे आठवडाभर त्या माझी ओळख ‘हिनी आजगाव बंद केल्यान’ अशी करून देत होत्या.

त्या बोलत मालवणी, पण फळ्यावर मात्र शुद्ध मराठी. त्यात सूट नाही. लिहिलेलं वाचणारा कोण, कुठला, हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून लिहिताना नीट कपडे घालून बाहेर पडावं, असं त्या म्हणत. हा नियम त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत एकदाच मोडला, आणि त्याबद्दलच मला सांगायचं आहे. त्याआधी माझं एक पाप सांगून टाकते.

नवा माणूस दवंडीत आला की आमची यंत्रणा त्याला त्याच्या गावातल्या प्रत्येक फळ्यावरचा शेवटचा मजकूर पाठवत असे, म्हणजे इथे काय चालतं ते त्याला कळावं. टीचरांच्या पुसतारखांमुळे पुष्कळ फळे बहुतेक वेळ रिकामे असत. मला ते खुपायचं. लोकांना वाटेल की दुकान बंद पडलं. म्हणून मी एक नियम घातला: फळ्यावरचा शेवटचा मजकूर, त्याची पुसतारीख आली तरी, नवा येईपर्यंत पुसायचा नाही.

टीचरांना मी हे चाचपून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “रिकामो फळो वायट नसता गो. रिकामो म्हंजे आज सांगण्यासारख्या काय नाय. तीय एक बातमीच.” मी ‘बरं’ म्हटलं आणि नियम तसाच ठेवला. त्यांना यंत्राच्या पोटातलं काय कळणार, असं मला वाटलं. मला आजही या गोष्टीची लाज वाटते.

आता दाजी. दाजी आमच्या भागातल्या एका शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. माळकरी माणूस. मालवणच्या मातीत जन्मून मासळी न खाणारा, दारू तर लांबच. मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, तो एसटीने गोव्याला बहिणीकडे गेला आणि परत येताना गायब झाला. फोन लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको आमच्या ऑफिसच्या जिन्यावर येऊन बसली. वर यायचं त्राणही तिच्यात नव्हतं. टीचर खाली गेल्या, तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि तिथेच वहीवर मजकूर लिहून काढला. उंची, रंग, शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, शेवटचं कुठे कोणी पाहिलं, कोणाला कळवायचं. अजूनही मी तो मजकूर नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवते.

चार तासांत बांद्याहून फोन आला. तिथल्या एका औषधवाल्याने दवंडी वाचली होती. दाजीला स्टँडवर थंडी वाजून ताप भरला होता, कोणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, आणि माळेवरून औषधवाल्याने त्याला ओळखलं. बरा होता. पेज प्यायला होता.

आमच्या यंत्रणेने पहिल्यांदाच एक जिवंत माणूस शोधून काढला होता. आम्ही तिघं लहान मुलांसारखे ओरडलो. टीचर “देव बरें करूं, देव बरें करूं” म्हणत खुर्चीत बसल्या, मग उठल्या, मग पुन्हा बसल्या. त्यांनी आधी हरवल्याचा मजकूर स्वतःच्या हाताने पुसला, कारण माणूस आता हरवलेला नव्हता. मग त्याच आनंदात, शुद्ध मराठी वगैरे विसरून, जसं तोंडात आलं तसं लिहिलं:

“दाजी बांद्याक गावलो.”

पुसतारीख दोन दिवसांनंतरची. मग खाली जाऊन सगळ्यांसाठी खाजे घेऊन आल्या.

गावणं म्हणजे सापडणं. हरवलेलं वासरू गावतं, पडलेली किल्ली गावते. पण चोरही गावतो. आणि बांदा म्हणजे गोव्याची हद्द ओलांडल्यावर लागणारा पहिला बाजार. तिकडून दारूच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या गाड्या जिथे तपासतात तो भाग. आमच्याकडे ‘अमको बांद्याक गावलो’ म्हटलं की कशात गावला हे कोणी विचारत नाही. हरवल्याचा मजकूर वाचलेल्या माणसाला टीचरांचं ते वाक्य आनंदाचं होतं. तो मजकूर पुसला गेल्यावर, नुसतं तेवढंच वाक्य वाचणाऱ्याला ते काय वाटेल, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

दोन दिवसांनी पुसतारीख आली. यंत्राने बघितलं, हा फळ्यावरचा शेवटचा मजकूर आहे. माझ्या नियमाप्रमाणे त्याने तो ठेवून दिला. त्यानंतर सदतीस दिवस आमच्या पंचक्रोशीत कोणाचं काहीही हरवलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. दाजीच्या व्हॅनमध्ये अठरा मुलं होती. सात जुनी आणि अकरा नवी. नव्या अकरा घरांनी गाडीच्या वेळा कळाव्यात म्हणून दवंडी घेतली, आणि यंत्राने त्यांना रीतसर स्वागत म्हणून प्रत्येक फळ्यावरचा शेवटचा मजकूर पाठवला. आठ-दहा दिवसांत अकराच्या अकरा मुलं गाडीतून कमी झाली. कोणी कारण सांगेना. दाजीला बघितलं की लोक बोलायचे थांबत.

एका मंगळवारी तो ऑफिसात आला. खुर्ची दिली तरी बसेना.

“टीचर, माझा काय चुकला ता माका कोण सांगना नाय,” तो म्हणाला. “शाळेतसून सांगल्यानी, सोमवारी गाडीत पंधरा पोरां नसली तर ही फेरी दुसऱ्या गाडीत घालतले. माका दुसरा काम येणा नाय. वीस वर्षां हीच गाडी.”

टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. “नवीन लोकांका काय काय गेलेला ता काढ बघू.”

मी काढलं. पडद्यावर ते तीन शब्द आले. टीचरांनी चष्मा वर सरकवून वाचलं, परत वाचलं. दाजीलाही वाचून दाखवलं. त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला.

मी घाईघाईने मजकूर पुसला. पुसल्याची खबरही यंत्र पाठवतं आणि ऐकणाऱ्यांच्या फोनमधूनही तो मजकूर जातो. “पुसलं,” मी म्हटलं. “सगळीकडून गेलं.”

“सगळीकडसून?”

मी यादी बघितली. ती अकरा घरं यादीत नव्हती. मूल गाडीतून काढल्यावर त्यांना दवंडीचं काय काम? त्यांनी ती सोडून दिली होती. ज्यांना हे पुसलेलं कळायला हवं होतं नेमके तेच आता ऐकत नव्हते. मजकूर त्यांच्याकडे पोचवायची सोय माझ्या यंत्रात होती, परत घ्यायची नव्हती.

“आणि गुपचूप पुसलेला म्हंजे दाबलेला,” टीचर म्हणाल्या. “आता म्हणतले, टीचरांनी दाजीक सांभाळून घेतल्यानी.”

त्यांनी नवा मजकूर लिहिला, या वेळी शुद्ध मराठीत. “‘दाजी बांद्याक गावलो’ हा मजकूर मी लिहिला होता. त्याचा अर्थ असा की बेपत्ता असलेले दाजी बांद्याच्या दवाखान्यात तापाने आजारी असताना सापडले. याचा दुसरा अर्थ घेतला गेला असल्यास चूक लिहिणारीची आहे, दाजींची नाही.” खाली स्वतःचं पूर्ण नाव. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. पुसतारीख सदतीस दिवसांनंतरची, कारण चूक सदतीस दिवस फळ्यावर होती. मग वहीत अकरा घरांचे पत्ते उतरवून घेतले आणि मला म्हणाल्या, “स्कूटरीत पेट्रोल आसा मां?”

बुधवार ते शनिवार आम्ही दारोदार फिरलो. मागे बसून त्या माझ्या डोक्यावर छत्री धरत, त्यामुळे मला पुढचं अर्धंच दिसे. गुडघे त्यांचे गेलेले, पण बांधावरून, चिखलातून, जिथे स्कूटर जात नसे तिथे चालत. मी एकदा म्हटलं की फोन करूया. “चुकीचा घरात पोचला,” त्या म्हणाल्या. “बरोबर फोनवर धाडू?” आणि पुढे चालू लागल्या.

प्रत्येक दारात तीच रीत. आधी चुकीचा मजकूर वाचायला द्यायचा, मग नवा. एका घरी बाप त्यांचाच विद्यार्थी निघाला. आता मोठा कंत्राटदार झालेला, मुंबईहून नुकता गावी परतलेला. त्यांनी त्याला त्याच्याच ओटीवर उभा केला.

“गावणे ह्या क्रियापदाचे दोन अर्थ सांग.”

“सापडणे, टीचर. आणि पकडले जाणे.”

“मगे तू दुसरोच कसो घेतलंस?”

“फुडे बांदा लिवलेला होता, टीचर.”

टीचरांनी वही मिटली. मग म्हणाल्या, “ह्या तुझा बरोबर आसा. माझा चुकला.” तो बिचारा इतका गडबडला की त्याने तिथल्या तिथे मुलाला हाक मारून सोमवारी दाजीच्या गाडीत जायचं असं सांगून टाकलं.

प्रत्येक दारात त्या हेच म्हणाल्या, माझा चुकला. माझ्या नियमाबद्दल एका दारातही बोलल्या नाहीत. मी मागे हेल्मेट हातात धरून उभी. त्यांना त्या नियमाचं माहीत नसेल, असं मी मनाला सांगत होते. चौथ्या-पाचव्या घरापासून मला त्यांच्याकडे बघवेना.

सात घरं हो म्हणाली. तीन घरांनी दुसरी सोय केली होती. एकाने रिक्षा लावली होती, दोघं स्वतः सोडत होते. दाजीवर राग नाही म्हणाले, पण लावलेली सोय मोडणार नाही. म्हणजे सात आणि सात, चौदा. राहिलं एक घर.

ते आचऱ्याच्या रस्त्याला, काजूच्या बागांच्या पलीकडे. तिथली बाई काजूच्या कारखान्यात जाणारी, नवरा नाही, एकच मुलगी दुसरीत. तिने दोन्ही मजकूर उंबऱ्यात उभ्याने वाचले. सावकाश, बोट फिरवत.

“ह्या कधी पुसूचा होता?” तिने विचारलं.

“दोन दिसान,” टीचर म्हणाल्या.

“मगे म्हयनाभर वर कसा रवला?”

दहा घरांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. टीचरांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. आत मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती. मला वाटलं, आता गप्प राहिले तर मी कायमची गप्प राहीन.

“ता माझ्यामुळे,” मी म्हटलं. “टीचरांनी तारीख बरोबर घातलेली. फळो रिकामो दिसा नये म्हणान मी मशिनीक सांगलेला, शेवटचा पुसू नको. टीचर नको म्हणत होत्यो. मी तेंका न सांगता ठेवलंय.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “रिकामो दिसा नये म्हणान माणसाचा नाव टांगून ठेवलास?”

मी मान खाली घातली.

“माझा एकच चेडू आसा,” ती म्हणाली. “बघतंय.” आणि ती आत गेली.

परत येताना मी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. “तुमका ठावक होता?”

“मंगळवारीच.”

“मगे अकरा दारांत तुम्ही कित्याक…”

“लिवलेला माझा, ता मी सांगलंय. ठेवलेला तुझा. ता तुझा तू सांगूचा. मी कित्याक सांगू?” मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “चल आता. छत्री मोडतली ह्या वाऱ्यान.”

त्या संध्याकाळी मी नियम काढून टाकला. एकामागून एक सगळे फळे रिकामे होत गेले आणि, माझं मलाच नवल वाटलं, मला बरं वाटलं. टीचर आता गोव्याला भाचीकडे असतात. तिथून फोन करतात आणि पहिलं हेच विचारतात की किती फळे रिकामे आहेत.

त्या सोमवारी सकाळी दाजीच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर टीचर बसल्या होत्या. ते आमचं ठरलेलं नव्हतं. मी स्कूटरवरून मागे. कंत्राटदाराचा मुलगा चढला. एकेका थांब्यावर एकेक जण चढत गेला. काही आयांनी टीचरांकडे बघून हात केला, काहींनी दाजीला उगाचच ‘बरो मां?’ विचारलं. चौदा झाले. काजूच्या बागांच्या वळणावर गाडी थांबली.

थांब्यावर कोणी नव्हतं.

दाजीने पाच मिनिटं वाट पाहिली. मग मान वळवून टीचरांना म्हणाला, “टीचर, पोरांका उशीर होतलो. जाव्या.”

“रव,” टीचर म्हणाल्या.

“येवची नाय ती.”

“रव म्हटलंय मां?”

त्याने इंजिन बंद केलं. मुलं खिडक्यांना नाक लावून बाहेर बघत होती. हेल्मेटच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. इतकी कोणाची वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग पायवाटेने ती मुलगी धावत आली, दप्तर पाठीवर आपटत, रेनकोटचं एकच बटण लावलेलं. तिच्यामागे तिची आई, हातात डबा. तिने मुलीला दारात उचलून चढवलं, डबा तिच्या मांडीवर ठेवला, रेनकोटची उरलेली बटणं लावली. दाजी खाली उतरून दाराशी उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

“डबो भरूक उशीर झालो,” ती म्हणाली.

दाजीने दाराच्या कडीवर हात ठेवला.

“होवंदे,” तो म्हणाला. “फाल्यापासून मी रोज पाच मिन्टां उशिरा येतलंय.” आणि त्याने दार सरकवून लावलं.